निलगिरीचा ऊलाँग विदर्भातल्या घरी कसा चाखावा

ऊलाँग म्हटले की चीनच्या फुजियान प्रांतातील वुयी आणि आन्शी किंवा तैवानमधील आलीशान ही नावे पुढे येतात. निलगिरीचे नाव घेतले की मात्र आपल्याला दाणेदार सीटीसी चहा आठवतो, फार तर सुगंधी काळा चहा. त्यामुळे निलगिरीच्या एखाद्या मळ्यात तयार झालेला ऊलाँग हाती आला की बहुतेक जण त्याला पहिलाच प्रश्न विचारतात, की हा तैवानच्या चहासारखा लागतो का. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. दर्यापूर, अकोट, वरुड, पांढरकवडा किंवा ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या गावात बसून हा चहा चाखणाऱ्याला आधी आपल्या पाण्याचा विचार करावा लागतो, मग पानाचा, आणि प्रदेशांची तुलना त्यानंतर येते. या लेखातील क्रमही तोच आहे, फक्त पाण्यापूर्वी चहाची थोडी ओळख आणि खरेदीविषयी चार गोष्टी सांगितल्या आहेत. थायलंडच्या डोई मे सालोंगचा, नेपाळमधील इलामचा किंवा न्यूझीलंडमधील वायकाटोचा ऊलाँग कोणी भेट म्हणून आणून दिला असेल, तर त्यालाही हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

हा चहा कसा होतो

हिरवा, काळा आणि ऊलाँग हे तिन्ही चहा एकाच झाडाच्या, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसच्या, पानांपासून होतात. फरक पडतो तो खुडणीनंतर पानाला मिळणाऱ्या वागणुकीत. पानाच्या पेशी दुखावल्या की त्यातील कॅटेचिन नावाची द्रव्ये पानातल्याच विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावू लागतात आणि पान तांबूस होत जाते. हिरव्या चहात उष्णता देऊन ही क्रिया, म्हणजे ऑक्सिडीकरण, सुरुवातीलाच थांबवतात, काळ्या चहात ती जवळजवळ पुरी होऊ देतात, आणि ऊलाँगमध्ये ती कारागिराच्या अंदाजाने मध्येच कुठेतरी रोखतात. त्यासाठी पाने आधी थोडा वेळ उन्हात कोमेजू देतात, मग सावलीत पसरट टोपल्यांतून हलवतात, थांबतात, पुन्हा हलवतात, आणि हे काम अनेकदा रात्रभर चालते. हलवताना पानांच्या कडा एकमेकींवर घासून खरचटतात, त्यामुळे कडा लालसर आणि मधला भाग हिरवा राहतो. त्यानंतर तापलेल्या पिंपात पान गरम करून विकरे निकामी करतात, पान वळतात, वाळवतात, आणि काही प्रकारांत वरून भाजतात.

खुडल्यानंतरही पान काही काळ जिवंत असते. कोमेजताना आणि खरचटताना ते लिनालूल, नेरोलिडॉल, जास्मिन लॅक्टोन यांसारखी सुगंधी द्रव्ये तयार करते किंवा मोकळी करते, आणि ऊलाँगला फुलांचा वास कसलेही फूल न घालता येतो तो यामुळे. लिनालूल संत्र्याच्या फुलांतही असते, म्हणून आंबिया बहाराच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, वरुड-मोर्शीच्या बागेतून फिरलेल्या माणसाला हा वास मुळीच परका वाटणार नाही. उलट चहाच्या पुस्तकी वर्णनांतील ‘ऑर्किड’पेक्षा ही खूण आपल्याला जास्त भरवशाची आहे.

निलगिरी साधारण ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर तैवानमधून कर्कवृत्त जाते. विदर्भ या दोहोंच्या मधल्या अक्षांशांवर असूनही येथे चहा पिकत नाही, कारण प्रश्न अक्षांशापेक्षा उंचीचा, गारव्याचा आणि पावसाच्या वाटणीचा असतो. (आपल्याकडेही सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात कॉफी येते, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला निलगिरीच्या ऊलाँगइतकेच नवल वाटते.) निलगिरीतील मळे साधारण १००० ते २५०० मीटर उंचीवर आहेत आणि त्यांना नैर्ऋत्य व ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, म्हणून तेथे वर्षभर खुडणी चालते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंड, कोरड्या दिवसांत, जेव्हा उंचावरच्या भागात रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा कोंब सावकाश वाढतो आणि त्याचा सुगंध अधिक ठळक होतो. तेथील बरीच लागवड आसामी जातीची किंवा संकरित आहे आणि चिनी जातीची झाडेही आहेत. तैवानमध्ये मात्र छिंगशिन किंवा जिनश्वान यांसारखे खास ऊलाँगसाठी जोपासलेले वाण असतात. वाणाचा हा फरक कपात उतरतोच, त्यामुळे निलगिरीच्या ऊलाँगमध्ये थोडी जास्त धार आणि फळाकडे झुकणारी चव आढळली तर तो दोष मानू नये.

विकत घेताना

पहिल्या खेपेस २५ ते ५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. विक्रेत्याला खुडणीचा महिना, मळ्याची उंची आणि पान भाजलेले आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी विचाराव्यात. ज्याला खुडणीचा महिना सांगता येत नाही, त्याच्याकडे बहुधा ताजा माल नसतो. पाकिटावर ‘नैसर्गिक सुगंधयुक्त’ असे काही लिहिले असेल तर तो चहा या कामाचा नाही, कारण मग आपण पानाऐवजी वरून मारलेले अत्तर चाखत बसतो. कुरिअरने मागवायचे असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. पार्सल मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याच्या गोदामात दोन दिवस पडून राहिले, तर ४५ अंशांच्या उष्णतेत पानाचा सुगंध आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच ओसरू लागतो.

घरी आल्यावर पाकीट हवाबंद, प्रकाशबंद डब्यात ठेवावे आणि तो डबा मसाल्याच्या कपाटापासून व देव्हाऱ्यापासून दूर असावा. वाळलेल्या चहात जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी ओलावा असतो, म्हणून तो भोवतालची ओल आणि वास दोन्ही झपाट्याने ओढून घेतो. धने-जिऱ्याचा वास एकदा लागला की तो जात नाही. न उघडलेले पाकीट उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवता येते, परंतु ते बाहेर काढल्यावर काही तास तसेच राहू द्यावे आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावे, नाहीतर थंड पानांवर हवेतील बाष्प धरते.

पाणी

विदर्भातील चाखणीत सर्वांत मोठा घोटाळा येथे होतो, म्हणून या भागाला घाई करू नये. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरी व बोअरचे पाणी मुळातच खारट असते. इतरत्र, विशेषतः काळ्या खडकाच्या भागात, पाणी खारट नसले तरी अनेक ठिकाणी जड असते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

जड पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट चहाच्या द्रव्यांशी मिळून पृष्ठभागावर तपकिरी साय धरतात, चहाचा रंग काळपट करतात आणि फुलांचा वास दाबून टाकतात. दूध-साखरेच्या चहात हे फारसे जाणवत नाही. ऊलाँगमध्ये मात्र असा चहा नुसता ‘पाणचट आणि मंद’ लागतो आणि दोष मळ्याच्या माथी जातो. पाण्याचा हा जडपणा बायकार्बोनेटमुळे असेल, म्हणजे उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर पाणी १० मिनिटे उकळून, झाकून, निवळू द्यावे आणि वरचे पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावे. त्याने बराच फरक पडतो. खारट पाण्यावर या उपायाचा काहीही परिणाम होत नाही, कारण मीठ उकळून खाली बसत नाही, उलट पाणी आटल्यावर ते अधिक खारट होते. फ्लोराइडही उकळण्याने जात नाही, आणि चहाच्या पानांत मुळातच काही फ्लोराइड असते, म्हणून ज्या गावात ही तक्रार आहे तेथे बोअरचे पाणी या कामासाठी वापरूच नये.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण दाखवणारा छोटा टीडीएस मीटर आता सहज मिळतो. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. चहासाठी मात्र ५० ते १५० च्या दरम्यानचे पाणी मला सर्वांत योग्य वाटते. मीटर क्षारांची एकूण बेरीज सांगतो, त्यात फ्लोराइड किती हे सांगत नाही, म्हणून पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे चांगले. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे याची चौकशी करता येते.

गावोगावी मिळणाऱ्या आरओच्या जारमधील पाणी खारट किंवा फ्लोराइडयुक्त भागात सर्वांत सोयीचे असते. परंतु कधी कधी ते इतके निःक्षार केलेले असते की चहा चपटा, पोकळ आणि किंचित आंबट लागतो. अशा वेळी, आणि पाणी फ्लोराइडमुक्त असल्याची खात्री असेल तरच, त्यात थोडे गोड्या विहिरीचे पाणी मिसळावे. उदाहरणार्थ, जारच्या पाण्याचा आकडा ३० आणि विहिरीच्या पाण्याचा ९०० असेल, तर ९ भाग जारचे आणि १ भाग विहिरीचे पाणी मिळून सुमारे ११७ चा आकडा येतो. हे मिश्रण एकदा ठरले की एका बाटलीत भरून ठेवावे आणि त्या चहाची सगळी चाखणी त्याच पाण्यावर करावी. क्लोरीनचा वास येणारे नळाचे पाणी रात्रभर उघड्या, रुंद भांड्यात ठेवले की वास बराच कमी होतो. पाणी चुलीवर उकळत असाल तर झाकण घट्ट ठेवावे, कारण धुराचा वास पाण्यात उतरतो आणि मग साधा ऊलाँगही जणू लाकडावर भाजल्यासारखा भासतो.

भांडी आणि माप

यासाठी चिनी झाकणाचा कप विकत घेण्याची गरज नाही. १०० ते १५० मिलिलिटरचा, जाड काठाचा, आतून पांढरा चिनी मातीचा कप, त्यावर पालथी बसणारी बशी, एक बारीक गाळणी आणि पिण्यासाठी दुसरा पांढरा कप एवढ्यावर काम होते. आतून पांढरा असण्याचा आग्रह यासाठी की रंग पाहता यावा. ज्या पातेल्यात रोज दूध-साखरेचा चहा उकळतो ते, आणि कल्हई उडालेले पितळेचे भांडे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. सगळी भांडी वासाच्या साबणाऐवजी राखेने किंवा सोड्याने घासून, स्वच्छ पाण्याने खळाळून घ्यावीत.

पान चमच्याने मोजू नये. निलगिरीचा ऊलाँग बहुधा लांब, पिळदार पानांचा असतो आणि तैवानचा बराचसा घट्ट गोळीचा, त्यामुळे एकाच चमच्यात दोघांच्या वजनात मोठा फरक पडतो. सोनारकामासारखा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा असला की हा प्रश्न संपतो. पाण्यासाठी एकदा मापाने १०० मिलिलिटर ओतून कपाच्या आत कुठपर्यंत येते ते लक्षात ठेवावे.

तोंड, जागा, वेळ

सकाळी तोंड धुतल्यानंतर तासाभराने, आणि पहिला दुधाचा चहा घेण्यापूर्वी, ही वेळ मला सर्वांत योग्य वाटते. दंतमंजनाचा पुदिना, आदल्या रात्रीचा सावजी रस्सा, ठेचा, कच्चा कांदा आणि पान-सुपारी यांनी जीभ बराच काळ बोथट राहते. खर्रा खाणाऱ्याने तर त्या दिवशी सकाळपासून तो तोंडात धरलेला नसावा, नाहीतर चाखणी हा निव्वळ उपचार ठरेल. तोंड कोमट पाण्याने खळाळून एक-दोन साधे मुरमुरे चावावेत. बसण्याची जागा ओसरी किंवा अंगण असावी, परंतु गोठ्याच्या वाऱ्याच्या दिशेला नको, आणि घरात फोडणी बसत असेल किंवा उदबत्ती लावलेली असेल तर थोडे थांबावे. शक्य तर रक्तातील लोहाची कमतरता असलेल्यांनी हा चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा, कारण चहातील द्रव्ये अन्नातील लोह शोषण्यात अडथळा आणतात.

घरात कोणीतरी ‘दूध संपलं काय जी?’ असे विचारणारच. त्यांना एवढेच सांगावे की दुधातील केसीन ही प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात, आणि आज आपल्याला तीच मोजायची आहेत.

परीक्षेचे पाणी

पहिल्या दिवशी चहा सुखासाठी प्यायचा नसून त्याचे दोष शोधायचे आहेत. चहाच्या व्यापारातील चाखणीसाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पान ६ मिनिटे ठेवण्यास सांगितले आहे. तैवानमधील ऊलाँगच्या स्पर्धांतही १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम, म्हणजे तेच प्रमाण, ५ ते ६ मिनिटे वापरतात. आपणही कप गरम पाण्याने शेकून घ्यावा, २ ग्रॅम पान टाकावे, १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतावे, बशी झाकावी आणि घड्याळ लावून ५ मिनिटांनी गाळावे. विदर्भाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून २०० ते ४५० मीटर उंचीवर असल्याने पाणी येथे ९९ अंशांच्या आसपास उकळते. मात्र थंड कपात ओतताच त्याचे तापमान चटकन उतरते, म्हणून कप शेकण्याची पायरी गाळू नये.

इतका वेळ ठेवल्यावर चांगला चहा कडक होतो, पण घाणेरडा लागत नाही. कोमेजणे नीट झालेले नसेल तर कच्च्या भाजीचा, उकडलेल्या पालकासारखा वास येतो. ऑक्सिडीकरण रेंगाळले किंवा पान दमट राहिले असेल तर आंबूस झाक येते, वाळवताना आच जास्त लागली असेल तर करपट, आणि साठवणीत ओल लागली असेल तर पोत्याचा कोंदट वास येतो. यांपैकी काहीही नसेल तर पान निर्दोष आहे असे धरून दुसऱ्या दिवशीची तयारी करावी.

चाखणीचे पाणी

दुसऱ्या दिवशी प्रमाण बदलायचे: ४ ग्रॅम पान, १०० मिलिलिटर पाणी, वेळ थोडा आणि तेच पान पुन्हा पुन्हा. शेकलेल्या, कोरड्या कपात पान टाकून बशी झाकावी, हळूच दोनदा हलवावे, आणि अर्ध्या मिनिटाने बशी किंचित उचलून वास घ्यावा. सुक्या पानाचा सर्वांत खरा वास पाकिटात नाही, येथे मिळतो. गरम पानाचा हा वास शब्दांत लिहून ठेवावा, कारण पाणी पडले की तो बदलतो.

भाजलेल्या, गोळीच्या ऊलाँगला सरळ उकळते पाणी चालते. निलगिरीच्या हिरवट, पिळदार पानाला मी ९० अंशांच्या आसपासचे पाणी देतो, कारण या पानातील धार उकळत्या पाण्यात चटकन पुढे येते आणि वास मागे पडतो. थर्मामीटर नसेल तर उकळलेले पाणी एका रुंद स्टीलच्या भांड्यात ओतून मिनिटभर उघडे ठेवावे आणि मग वापरावे. पान धुण्यासाठी पहिले पाणी फेकून देण्याची रीत गोळीच्या चहाला उपयोगी आहे, कारण त्याने गोळी सैल होते. पिळदार पानाच्या बाबतीत त्याने पहिल्याच खेपेचा सुगंध वाया जातो, म्हणून मी ती पाळत नाही.

पहिले पाणी ४० सेकंद ठेवून पूर्ण गाळून घ्यावे. कपात पानांबरोबर थोडेही पाणी मागे राहिले तर ते पुढच्या खेपेत कडूपणा आणते. दुसऱ्या पाण्याला ३० सेकंद पुरतात, कारण पाने आता उकललेली असतात, तिसऱ्याला ४५ आणि चौथ्याला ७५ सेकंद द्यावेत. चांगले तैवानी ऊलाँग सहा-सात पाण्यांपर्यंत बोलते. निलगिरीचे पान बहुधा तिसऱ्या-चौथ्या पाण्यात आपले सगळे सांगून मोकळे होते, आणि त्यातले दुसरे पाणी मला नेहमी सर्वांत भरीव वाटते. घाई असेल तर पहिल्या दोन पाण्यांवर थांबले तरी चालेल, परंतु तिसरे पाणी गोडवा दाखवते.

तोंडात काय शोधायचे

ओतल्या ओतल्या प्यायल्यास जिभेला फक्त चटका कळतो. चहा साठेक अंशांवर आल्यावर चमचाभर घेऊन हवेसह जोरात भुरका मारावा. चारचौघांत हा आवाज बरा दिसत नाही, पण त्याशिवाय वास घशामागून नाकात नीट चढत नाही, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग असा मागच्या दाराने आलेला वासच असतो. एकदा नाक चिमटीत धरून घोट घ्यावा आणि मग नाक सोडावे, म्हणजे जिभेने काय सांगितले आणि नाकाने काय सांगितले हे वेगळे कळते.

सर्वांत जास्त गोंधळ कडू आणि तुरट यांत होतो. कडूपणा जिभेवर चवीसारखा येतो आणि कारल्याच्या भाजीने तो ओळखीचा आहे. तुरटपणा चव नसून स्पर्श आहे. कच्चे जांभूळ किंवा आवळा खाल्ल्यावर गाल आतून ओढल्यासारखे होतात तो तुरटपणा. ऊलाँगमध्ये थोडा तुरटपणा हवाच, त्याने चहाला अंग येते. तो जिभेवर खरखरीत राहतो की काही क्षणांत विरघळून लाळ सुटते, हे पाहावे. लाळ सुटून घशाशी उशिरा गोडवा आला तर पान चांगले आहे, आणि ही खूण वासापेक्षाही जास्त विश्वसनीय आहे, कारण वास पाण्याने दबतो, गोडवा इतक्या सहज दबत नाही.

वासाला नाव देताना आपल्याच शिवारातली नावे वापरावीत. हिरवट ऊलाँगमध्ये ताजा कापलेला चारा, वाफाळलेले तुरीचे हिरवे दाणे, संत्र्याचा बहर, आंब्याचा मोहोर यांच्या जवळचे काही सापडते. अधिक ऑक्सिडीकरण झालेल्यात वाळवलेली मोहफुले, पिकलेले बोर, संत्र्याची साल, मध अशी दिशा असते. भाजलेल्या प्रकारात आगट्याशेजारच्या हुरड्याचा, भाजलेल्या हरभऱ्याच्या घाट्यांचा किंवा शेंगदाण्याच्या टरफलांचा वास येतो. निलगिरीच्या हिवाळी खुडणीत मला बहुधा पहिल्या दोन गटांच्या सीमेवरचे काहीतरी मिळते: सुरुवातीला फूल, मागून फळाची साल. प्रत्येक पाण्यासाठी वहीत तीनच ओळी लिहाव्यात, एक वासाची, एक तोंडातल्या स्पर्शाची आणि एक घोट गिळल्यानंतर मिनिटभराने काय उरले याची. शंभरपैकी गुण देण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या महिन्यात ७८ आणि ८१ यांतला फरक आपला आपल्यालाच सांगता येत नाही.

प्रत्येक पाण्याचा अर्धा कप बाजूला ठेवून थंड झाल्यावर पुन्हा चाखावा. निलगिरीचे चहा थंड झाल्यावर गढूळ होत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. काही कडक काळे चहा थंड होताच कॅफीन आणि पॉलिफेनॉल (तुरट द्रव्ये) एकत्र येऊन ताकासारखे धुरकट होतात. थंड कपात फूल गेले आणि फक्त तुरटपणा उरला असेल, तर वास वरवरचा होता असे समजावे.

भिजलेले पान

चाखून झाल्यावर चोथा पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरावा आणि चार-पाच पाने बोटांनी अलगद उघडावीत. कडा तांबूस आणि मध्य हिरवा दिसला तर हलवण्याचे काम मन लावून झाले आहे. सगळी पाने एकसारखी तपकिरी असतील तर तो चहा नाव ऊलाँगचे आणि काम काळ्या चहाचे असा असू शकतो, आणि सगळी एकसारखी हिरवी असतील तर वास मुख्यतः कोमेजण्यातून आलेला आहे. पारंपरिक ऊलाँगसाठी कोवळ्या कळीपेक्षा थोडी पक्व, तीन-चार पानांची डहाळी खुडतात, कारण नाजूक कळी हलवण्याने चुरगळते. ताटलीत कळ्या आणि तुटकी पाने जास्त असतील तर काळ्या चहासाठीची खुडणी ऊलाँगकडे वळवलेली असण्याची शक्यता असते. निलगिरीत हे अधूनमधून दिसते आणि अशा चहात धार जास्त का लागली याचे उत्तर तेथेच मिळते. पानाचा हा पुरावा पाकिटावरील वर्णनापेक्षा वरचढ धरावा.

उन्हाळ्यातला थंड ऊलाँग

एप्रिल-मेमध्ये गरम कपाची गोडी कोणालाच नसते. चाखणीसाठी ठरवलेल्या मिश्रणाच्या लिटरभर पाण्यात ८ ते १० ग्रॅम पान टाकून बाटली फ्रिजमध्ये ६ ते ८ तास ठेवावी आणि गाळून घ्यावी. थंड पाण्यात तुरट द्रव्ये आणि कॅफीन कमी उतरतात, गोडवा आणि फुलांचा वास पुढे राहतो. बाटली ओट्यावर रात्रभर ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळी रात्रीच्या तापमानात ते जंतूंना आमंत्रण ठरते. गाळलेला चहा दिवसभरात संपवावा. यात लिंबू, साखर किंवा पुदिना घालणे ही आवडीची बाब आहे, पण त्या दिवसाची नोंद चाखणीच्या वहीत करू नये.

तुलना

तुलना करण्यापूर्वी आपल्या जिभेची परीक्षा घ्यावी. घरातील दुसऱ्या माणसाला तीन सारखे कप भरायला सांगावेत, दोन कपांत एक चहा आणि तिसऱ्यात दुसरा, आणि आपण न पाहता वेगळा कप ओळखावा. केवळ अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एका यशावर विसंबू नये. सलग ५ वेळा निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता मात्र २४३ मध्ये १ एवढीच असते. ही परीक्षा पहिल्यांदा दोन चहांवर न घेता एकाच निलगिरी ऊलाँगच्या दोन पाण्यांवर घ्यावी, म्हणजे बोअरच्या पाण्यावर आणि ठरवलेल्या मिश्रणावर. खारपाणपट्ट्यात किंवा जड पाण्याच्या गावात हे दोन कप बहुतेकांना पहिल्याच फेरीत ओळखता येतात, आणि त्यानंतर ‘निलगिरीचा चहा बेचव आहे’ असे म्हणणारा माणूस जरा थांबतो.

मग तैवानचे पाकीट उघडावे. वजन, पाणी, तापमान आणि कप तेच ठेवावेत. वेळ मात्र पानाच्या आकारानुसार बदलावी लागते, कारण गोळी उकलण्यास पहिल्या पाण्यात थोडा जास्त वेळ घेते. तुलना जोडीनेच करावी: हिरव्याशी हिरवा, भाजलेल्याशी भाजलेला, आणि शक्यतो खुडणीच्या एकाच हंगामातला. निलगिरीच्या हिवाळी, न भाजलेल्या पानासमोर डोंगडिंग हे तैवानचे भाजलेले ऊलाँग ठेवले तर वहीत जो फरक उतरेल तो भट्टीचा असेल, डोंगराचा नसेल. अशा वेळी तैवानमधीलच वेनशान भागातला बाओझोंग हा ऊलाँग जवळचा जोडीदार ठरतो, कारण तोही पिळदार पानाचा आणि कमी ऑक्सिडीकरणाचा असतो.